पामरानं पामर विकला

आमच्या शाखेत कुणी मुदत ठेव मुदतीआधी मोडायला आलं, की मी त्याला समोरच्या खुर्चीत बसवतो, पाणी मागवतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "एवढी काय घाई आहे, काका?" सव्वीस वर्षांच्या नोकरीत अशा कितीतरी ठेवी मी वाचवल्या आहेत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली आणि जावई ठरायच्या आत नव्या गाडीसाठी मोडायला निघालेली. शेजाऱ्याचे शेअर दुप्पट झाले म्हणून मोडायला निघालेली. एक तर नुसतीच, घरी भांडण झालं म्हणून. धीर आणि चक्रवाढ हे दोन शब्द मी इतक्या वेळा उच्चारले आहेत, की आमचा शिपाई पाण्याचा ग्लास ठेवताना ते माझ्या आधीच पुटपुटतो. माझं स्वतःचं पीपीएफ पंधरा वर्षं पुरी करून दोनदा पुढे वाढवलेलं आहे. त्यातून मी एक रुपया काढलेला नाही.

तोच मी शनिवारी दुपारी डोंबिवलीच्या घरात बाथरूमची आतून कडी लावतो आणि तीन महिन्यांचा विचार करून घेतलेला माणूस सहाव्या दिवशी विकून टाकतो.

माणूस म्हणजे फुटबॉलपटू. खेळाचं नाव फॅन्टसी प्रीमियर लीग. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा हा अधिकृत आणि फुकटचा खेळ. 2002 पासून चालू आहे आणि आता जगभर एक कोटीहून जास्त लोक तो खेळतात. आपल्याला शंभर मिलियन पौंड मिळतात, म्हणजे दहा कोटी, अर्थात खोटे. त्यात पंधरा खेळाडू घ्यायचे, दोन गोलकीपर, पाच बचावाचे, पाच मधल्या फळीचे, तीन फॉरवर्ड, आणि एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त नाहीत. खऱ्या मैदानावर ते जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. फॉरवर्डच्या गोलला चार, मधल्या फळीतल्याच्या गोलला पाच, कॅप्टन कराल त्याचे दुप्पट. ऑगस्ट ते मे, अडतीस आठवडे. आठवड्याला एक बदल फुकट. त्याहून जास्त बदल हवे असतील तर प्रत्येकी चार गुण कापून घेतात. याला 'हिट' म्हणतात. म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंडच, पण आमची बँक इतक्या निर्दयपणे कापत नाही.

आता कुणालाही वाटेल की ज्याला मुदत ठेव कळते त्याला हा खेळ हातचा मळ असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

घोटाळा असा आहे, की हा खेळ मी एकटा खेळत नाही. मंगळवारचा मी आणि शुक्रवारचा मी असे आम्ही दोघं मिळून खेळतो आणि आमचं एकमेकांशी पटत नाही. मंगळवारचा मी भला माणूस. जेवण झाल्यावर तो लॅपटॉप उघडतो. त्याच्या एक्सेलमध्ये वीसही क्लबांच्या पुढच्या आठ आठवड्यांच्या लढती मांडलेल्या असतात, सोप्या लढतींना हिरवा रंग आणि अवघड लढतींना लाल. कुणाला केव्हा आणायचं, केव्हा काढायचं, हे सगळं तो जानेवारीपर्यंत लिहून ठेवतो आणि शांत झोपतो. शुक्रवारचा मी ऑफिसातून दमून येतो, फोनवर एकच बातमी वाचतो आणि मंगळवारच्या माणसाचा संसार रस्त्यावर आणतो.

या बाबतीत आईचं बरं आहे. तिच्या डोक्यात बेगमी आणि भाजी ही दोन खाती कायमची वेगळी आहेत. पापड, कुरडया, सांडगे, तिखट, लोणचं ही वर्षाची बेगमी, ती उन्हाळ्यात होते. भाजी रोजची, ती संध्याकाळी मार्केटात काय दिसेल त्यावर. अगदीच भाजी नसली तर बरणीतून चार फोडी लोणचं निघतं, नाही असं नाही. पण आज मंडईत वांगी चांगली आली म्हणून लोणच्याची बरणी विकून टोपलीभर वांगी आणलेली मी तिला कधी पाहिली नाही. मी मात्र दर आठवड्याला तेच करतो. वर पुढच्या आठवड्यात तीच बरणी जास्त पैसे देऊन परत आणतो.

आमच्या लीगमध्ये नऊ जण आहेत. शेवटचा येईल त्यानं सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची, एवढंच बक्षीस आणि एवढीच शिक्षा. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या हजेरीची कॉलेजला चिंता, पण मँचेस्टर सिटीच्या मैदानावरची कुणाची हजेरी विचारा, तोंडपाठ. मेव्हणे सिटीचे भक्त. मुंबई सिटी एफसीमध्ये 2019 पासून 2025 पर्यंत सिटी फुटबॉल ग्रुपचा मोठा वाटा होता, त्यामुळे मँचेस्टर हे आपलं व्याहीघर आहे आणि तिथल्या माणसांना नावं ठेवू नयेत, असं त्यांचं म्हणणं. आणि एक मुलगा आमच्या शाखेचं सॉफ्टवेअर बघायला यायचा. हौसेनं संघ केला आणि तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं. तो तिकडे गेला आणि संघाला विसरला. त्याच्याकडे पुन्हा यावं लागणार आहे.

हे सगळं ज्या मोसमात घडलं तो 2024-25 चा. ऑगस्टमध्ये मी एक तत्त्वाची गोष्ट केली होती. हालंड घ्यायचा नाही. अर्लिंग हालंड, सिटीचा फॉरवर्ड. यानं 2022-23 मध्ये लीगमध्ये छत्तीस गोल करून विक्रम केला. 2024 च्या उन्हाळ्यात खेळवाल्यांनी त्याची किंमत लावली पंधरा मिलियन. शंभरातले पंधरा एका माणसावर! घर चालवणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही. त्यापेक्षा मी साडेबारा मिलियनचा लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह घेतला, साडेदहाचा चेल्सीचा कोल पामर घेतला आणि उरलेले पैसे नीट पसरून ठेवले. जोखीम विभागणे. माझ्याच शब्दांत मी मलाच गुंतवणूक समजावली आणि मला ती पटली.

पाच आठवड्यांत हालंडनं दहा गोल केले. त्यात लागोपाठ दोन हॅट्‌ट्रिक. मेव्हण्यांकडे तो पहिल्या दिवसापासून होता. दर सामन्यानंतर ते मला काही बोलायचे नाहीत, नुसते हात जोडलेल्या माणसाचं चित्र पाठवायचे.

मधल्या काळात सलाह गेला. म्हणजे मी घालवला. 14 सप्टेंबर, घरात दहा दिवसांचा गणपती. संध्याकाळची आरती आणि लिव्हरपूलचा सामना नेमका एकाच वेळी, साडेसातला. टाळ माझ्या हातात आणि फोन तबकाच्या मागे. ॲनफिल्डवर, घरच्या मैदानावर, नॉटिंगहॅम फॉरेस्टनं लिव्हरपूलला 1-0 हरवलं. सलाह कोरडा. मी मंगळवारची वाटसुद्धा पाहिली नाही. वय बत्तीस. कराराचं शेवटचं वर्ष. नवा प्रशिक्षक. कर्जाच्या अर्जावर एवढे शेरे असते तर मी तो केव्हाच परत पाठवला असता. विकला. सलाहला विकण्याचा सल्ला मला कुणीही दिला नव्हता, हे नमूद करतो. आलेले पैसे मी चार जणांत वाटले, सत्यनारायणाच्या प्रसादासारखे, कुणाचंच पोट भरणार नाही पण कुणी उपाशी जाणार नाही अशा बेतानं.

मग आला 28 सप्टेंबर. चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. पितृपक्षातली एकादशी, घरात खिचडी. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी असते, म्हणजे त्या दिवशी आपल्याकडे दुपारी साडेतीनला. तीन वाजेपर्यंत मी ठाम होतो. मंगळवारच्या एक्सेलमध्ये त्या रकान्यात 'काही करू नये' असं लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत, खाली रेघ. तीन वाजून दहा मिनिटांनी मला दिसलं, की लीगमधल्या नवांपैकी आठ जणांकडे हालंड आहे. जर्मनीला गेलेल्या मुलाकडेसुद्धा. विसरलेल्या संघातही हालंड आहे आणि जागा असलेल्या माझ्याकडे नाही! लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलेबी पडली आणि वाढपी आपल्याला वगळून पुढे गेला की जे होतं, ते झालं.

पंधरा मिलियनच्या वरचा माणूस आणायचा तर घरातलं काहीतरी मोडावं लागणार. मी पामरकडे पाहिलं.

कोल पामरची थोडी हकीकत सांगायला हवी. 2023 च्या सप्टेंबरमध्ये तो सिटीतून चेल्सीत आला तेव्हा या खेळात त्याची किंमत होती पाच मिलियन, म्हणजे राखीव बाकावर बसवायला घेतात तसल्या पोराची. त्या मोसमात त्यानं लीगमध्ये बावीस गोल केले. ज्यांनी तो लवकर घेतला आणि हलवला नाही, त्यांचं त्या वर्षी कल्याण झालं. मराठी माणसाला तर या नावाचं आतूनच प्रेम वाटायला हवं. आपल्याकडे देवापुढे उभं राहून 'मी पामर' म्हणायची रीत आहे. इथे पामरच देव झाला होता.

मी त्याला विकला. त्याच्या जागी पाच मिलियनचा एक पोरगा, एक बरा फॉरवर्ड काढून तिथे हालंड, आणि हिशेब बसेना म्हणून बचावफळीतला एक खाली आणला. तीन बदल, त्यात एक फुकट, म्हणजे दोन हिट. आठ गुण वजा. हालंड कॅप्टन. तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी बाहेर आलो. आई जपमाळ घेऊन बसली होती. म्हणाली, "इतका वेळ काय करत होतास?"

"एक जण घेतला. जरा महाग पडला."

"पितृपक्षात?" आईनं माळ थांबवली. "अरे, या दिवसांत नवीन काही घेऊ नये."

पाच वाजता न्यूकॅसलमध्ये सामना सुरू झाला. 1-1 सुटला. सिटीचा एकमेव गोल बचावफळीतल्या ग्वार्दिओलनं केला. हालंडचा गोल नाही, असिस्ट नाही. ठीक आहे, म्हटलं, हा काही एका दिवसाचा व्यवहार नाही. दीर्घकालीन गुंतवणूक आहे. हा शब्द मी उपासाची बटाट्याची कचोरी खात स्वतःशी मोठ्यानं म्हणाल्याचं बायको सांगते.

साडेसातला चेल्सी विरुद्ध ब्रायटन. सातव्या मिनिटाला ब्रायटनचा गोल. मला किती बरं वाटलं हे सांगायची लाज वाटते. ज्या माणसानं मला वर्षभर खाऊ घातलं त्याच्या संघावर गोल झाला म्हणून मी पंखा एकनं वाढवला. मग एकविसाव्या मिनिटाला पामरनं गोल केला. अठ्ठाविसाव्याला दुसरा, पेनल्टीवर. एकतिसाव्याला तिसरा, फ्री किकवर. एकेचाळिसाव्याला चौथा. प्रीमियर लीगच्या इतिहासात पूर्वार्धातच चार गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. वीस मिनिटांत चार गोल, गुणिले पाच, नुसत्या गोलांचेच वीस गुण. भाच्याचा मेसेज आला, "मामा, तुझ्याकडे पामर आहे ना?? मजा आहे!" मी फोन उलटा ठेवला आणि कितीतरी वेळ देवघराच्या दिशेनं बघत बसलो. आई काही बोलली नाही. पितृपक्षात बोलायची गरज नसते.

पुढचं जरा भरभर सांगतो, कारण ते मलाही आवडत नाही. आता हालंडला धरून ठेवायचं, हे मी घरातल्या सगळ्यांना सांगितलं. फुलहॅमविरुद्ध सिटीनं तीन गोल केले, त्यात हालंडचा एकही नाही. मग आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी आली, तेव्हा गड्यानं नॉर्वेकडून स्लोव्हेनियावर दोन ठोकले आणि देशाचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. आपल्या खेळात त्याचे गुण शून्य. मग वुल्व्हजविरुद्ध पुन्हा कोरडा. तीन सामने झाले. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. 25 ऑक्टोबर, शुक्रवारची रात्र, दिवाळी तोंडावर, स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चाललेला. हालंड विकला आणि पामर परत घेतला, अर्थात चढ्या भावानं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साउदॅम्प्टनविरुद्ध हालंडनं पाचव्या मिनिटाला गोल केला. पाचव्या! मी अजून चकली तोंडात घातली नव्हती.

आता भाव. या बाजाराची मेख भावात आहे. एखाद्याला लोक धडाधड घ्यायला लागले की त्याचा भाव शून्य पूर्णांक एकनं वाढतो आणि लोक विकायला लागले की तेवढाच उतरतो. हा बदल इंग्लंडच्या मध्यरात्रीनंतर होतो, म्हणजे आपल्याकडे दूध येतं त्या सुमाराला. त्यामुळे रात्री झोपताना माणसाच्या छातीवर ओझं असतं. उद्या सकाळी तो महाग झाला तर? मग बुधवारीच घेऊन टाकतो. आणि गुरुवारी सरावात त्याचं हॅमस्ट्रिंग ताणलं जातं. बरं, वाढलेल्या भावाचा फायदा तरी पुरता मिळावा! तर तेही नाही. पाचला घेतलेला पाच पूर्णांक दोनला गेला तर विकताना आपल्याला पाच पूर्णांक एकच मिळतात. वाढ निम्मी आपली, निम्मी त्यांची. सोनार दागिना मोडताना घट धरतो, तशी. पण सोनार निदान समोर बसून, चहा पाजून घट धरतो.

हॅमस्ट्रिंगचा विषय निघालाच आहे. मला स्वतःचा गुडघा दोन वर्षांपासून दुखतो, तो मी दाखवलेला नाही. पण लंडनमधल्या एकवीस वर्षांच्या मुलाच्या मांडीमागचा कुठला स्नायू कुठल्या दर्जाचा फाटला आणि किती आठवडे लागतील, हे मी झोपेत सांगेन. खेळात जखमी खेळाडूच्या नावापुढे पिवळा झेंडा लागतो आणि खेळण्याची शक्यता दिलेली असते, 75 टक्के, 50 टक्के, 25 टक्के. ही पद्धत मला फार आवडली. नळवाला "उद्या सकाळी येतो" म्हणाला की मी बायकोला सांगतो, पिवळा झेंडा, पंचवीस टक्के. शुक्रवारी प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदा असतात. त्यात सिटीचा त्या मोसमातला प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला "बघू" असं म्हणाला की मेव्हण्यांच्या घरात दुखवटा. या माणसाच्या मनात कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं हे अकरा जणांची यादी लागेपर्यंत ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून जगभर त्याला पेपचं रुलेट म्हणतात. मेव्हणे त्याला 'आमच्याकडची रीत' म्हणतात.

त्यातही खरा छळ जखमी माणसाचा नाही. तो आला नाही तर बाकावरचा आपोआप आत येतो. छळ एकोणनव्वदाव्या मिनिटाला येणाऱ्याचा आहे. तो मैदानावर येतो, सॉक्स वर ओढतो, सामना संपतो. त्याला एक गुण. आणि आपल्या बाकावर चौदा गुण मिळवून बसलेला बिचारा बसूनच राहतो, कारण याची हजेरी लागली. आमच्या ऑफिसात असे दोघं आहेत. सहीपुरते येतात, त्यामुळे त्यांच्या जागी बदली माणूसही मिळत नाही.

आता दुसरं टोक. म्हणजे मी जसा घिसाडघाईवाला तसे आमचे मेव्हणे साठवणुकीवाले. या खेळात काही हुकमाची पानं असतात. वाइल्डकार्ड, म्हणजे एका आठवड्यात कितीही बदल फुकट. बेंच बूस्ट, म्हणजे बाकावरच्यांचेही गुण. ट्रिपल कॅप्टन. आणि फ्री हिट, म्हणजे एका आठवड्यापुरता उसना संघ. ही कधी वापरायची यावर भल्याभल्यांची डोकी खर्ची पडतात. मेव्हण्यांचं उत्तर सोपं आहे. वापरायचीच नाहीत. त्यांच्या घरी काचेच्या कपाटात सहा कपांचा एक सेट आहे, लग्नात आलेला, सोनेरी काठाचा. खास पाहुण्यांसाठी. तीस वर्षांत खास पाहुणा आलेला नाही. मीसुद्धा स्टीलच्या पेल्यातून चहा पितो. तसंच त्यांच्या बेंच बूस्टचं. "भावजी, आत्ता नको. पुढे डबल गेमवीक येणार, तेव्हा काढू." डबल गेमवीक म्हणजे एकाच आठवड्यात एका संघाचे दोन सामने. येतो, आला की मेव्हण्यांना वाटतं याहून चांगला येईल. मे महिन्यात मोसम संपतो आणि बेंच बूस्ट सोनेरी काठासकट कपाटात राहतो. त्यात 2024-25 पासून फुकटचे बदलही पाचपर्यंत साठवता यायला लागले, तेव्हापासून तर मेव्हणे शिल्लक रजांसारखे तेच मोजत बसतात. पाच साठले की सहावा वाया जातो हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांना वाया गेलेल्याचं दुःख कमी आणि पाच शिल्लक असल्याचं समाधान जास्त.

मी भाच्याला एकदा विचारलं, "लांबचा विचार करणारे खरंच वर येतात का रे?"

"मामा, मॅग्नस कार्लसन. बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता. 2019 च्या डिसेंबरमध्ये तो या खेळात सत्तर लाख लोकांत जगात पहिला होता."

हे खरं आहे. मी त्यावर दोन दिवस विचार केला. बुद्धिबळात समोरच्याची पुढची चाल ओळखावी लागते, ती कार्लसनला जमते. इथे माझी अडचण अशी आहे, की मला माझीच पुढची चाल कळत नाही. मंगळवारी मी जो डाव मांडतो तो शुक्रवारी मीच उधळतो. म्हणजे प्रतिस्पर्धी माझ्याहून एक चाल पुढेच असतो, आणि तो घरातच असतो.

मात्र लांबचा विचार करणाऱ्यांची बाजू घेताना एक गोष्ट दडवू नये. 2022 च्या सप्टेंबरमध्ये मी शहाण्यासारखं वागलो होतो. बदल साठवले, सातव्या आठवड्याच्या लढती सगळ्या हिरव्या बघून माणसं आणली, एकही हिट नाही. आयुष्यात पहिल्यांदा मंगळवारचा मी आणि शुक्रवारचा मी एका पानावर सही करून बसलो. गुरुवारी, 8 सप्टेंबरला, राणी एलिझाबेथ गेल्या. त्या शनिवार-रविवारचे सगळे सामने पुढे ढकलले. म्हातारी शहाण्णव वर्षांची होती, वाईट वाटलंच. पण माझ्या एक्सेलमध्ये राणीचा रकाना नव्हता. त्याच मोसमात कतारच्या वर्ल्ड कपसाठी महिनाभराहून जास्त सुट्टी पडली आणि त्या सुट्टीत सगळ्यांना अमर्याद बदल फुकट वाटले. म्हणजे मी एकेक करून साठवलेलं, ते शेवटी सगळ्यांनाच पोत्यानं मिळालं. आमच्याकडे कर्जमाफी जाहीर झाली की वेळेवर हप्ते भरणारा शेतकरी काउंटरवर येऊन ज्या नजरेनं बघतो, ती नजर मला तेव्हा कळली. 2020 च्या मार्चमध्ये तर लीगच थांबली, ती थेट जूनमध्ये चालू झाली. त्याबद्दल मी काय बोलू!

तर, जर्मनीला गेलेला मुलगा.

जाण्याआधी त्यानं जो संघ केला होता त्यात कॅप्टन होता मोहम्मद सलाह. तो तसाच राहिला. त्यानं सलाहला विकलं नाही, कारण त्याला फॉरेस्टचा सामना झाल्याचं माहीत नव्हतं. कराराचं शेवटचं वर्ष आहे हे माहीत नव्हतं. त्याला फक्त श्टुटगार्टमध्ये घर मिळत नव्हतं एवढं माहीत होतं. त्याच्या संघात एकजण ऑक्टोबरपासून जायबंदी होता, एक जानेवारीत इंग्लंड सोडूनच गेला, तरी त्यांची नावं खिडकीवरच्या जुन्या स्टिकरसारखी चिकटलेली होती. आणि त्या मोसमात सलाहनं एकोणतीस गोल केले, अठरा असिस्ट दिले आणि 344 गुण मिळवले. या खेळाच्या इतिहासात एका मोसमात इतके गुण कुणालाही मिळालेले नाहीत. दुप्पट केले की 688. ते त्या मुलाला घर शोधता शोधता मिळाले.

मी त्या मोसमात सलाहला तीनदा घेतला. म्हणजे तीनदा विकलाही. शेवटचा विकला तो अखेरच्या आठवड्यात, आणि त्यामागे विचार होता. लिव्हरपूलनं एप्रिलमध्येच विजेतेपद खिशात घातलं होतं. त्यानंतरच्या तीन सामन्यांत सलाहचा एकही गोल नव्हता. लग्न लागल्यावर करवला कशाला धावपळ करेल? 25 मे, रविवार, रात्री साडेआठला सगळे सामने एकदम. मी लीगमध्ये आठवा होतो, जर्मनीचा संघ नववा, माझ्या थोडाच मागे. मिसळ त्याच्या नावावर. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध सलाहनं गोल केला. मिडफिल्डरचे पाच, कॅप्टनचे दुप्पट.

पाच गुणांनी मी शेवटचा आलो. भाच्यानं मोसमभराच्या माझ्या हिट मोजल्या. एकवीस. चौऱ्याऐंशी गुण. "मामा, तू नुसता झोपून राहिला असतास तरी चौथा आला असतास," असं तो मिसळीचा दुसरा रस्सा मागताना म्हणाला. रस्सा जास्तीचा लागतोच, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, एवढंच त्या सकाळचं समाधान.

जुलैत नव्या मोसमाचा खेळ उघडला. जर्मनीहून फोन आला. "सर, मी आठवा आलो म्हणे? मला आत्ता ईमेलमध्ये दिसलं. मी तर काहीच केलं नव्हतं!" मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "आता घर मिळालंय, कामही स्थिरावलंय. या वर्षी नीट लक्ष घालणार आहे. दर आठवड्याला."

मला मनापासून आनंद झाला. मी त्याला त्याच रात्री माझी एक्सेल पाठवली, सगळ्या रंगांसकट. भाव केव्हा बदलतात ते सांगितलं. पत्रकार परिषदा कुठे बघायच्या ते सांगितलं. हॅमस्ट्रिंगचे तीन दर्जे समजावले. पोरगा हुशार, प्रश्न विचारत होता. 15 ऑगस्टला मोसम सुरू झाला. दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी, रात्री डेडलाइनच्या अर्धा तास आधी, त्याचा मेसेज आला. "सर, दोन बदल करावेसे वाटतायत. चार गुण जातील. चालेल ना?"

मी चष्मा पुसून घेतला आणि लिहिलं, "अरे, लांबचा विचार कर. चारचं काय घेऊन बसलास!"